एका आयपीमागे अख्खी वाडी : दळणवळण मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय केंद्रीय दळणवळण मंत्री,
संचार भवन, नवी दिल्ली

साहेब, नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतो. वर घर, खाली दुकान, दोन्हीला मिळून एकच फायबर. जुलैचा तिसरा आठवडा होता, पीकविम्याची मुदत डोक्यावर आलेली, दारात सातबारा आणि पासबुकाच्या झेरॉक्स धरून वीस-पंचवीस माणसं उभी, आणि नेमकं नेट गेलं. वायर तुटली असेल म्हणून खांबापर्यंत जाऊन बघून आलो, वायर धड होती. नेट कंपनीला फोन लावला तर तिकडचा पोरगा म्हणतो, काका तुमच्या आयडीवर पायरसीची नोटीस आलीय, वरून बंद केलंय.

कसली पायरसी, तर कुठलातरी इंग्रजी पिक्चर, साडेआठ जीबीचा, टॉरेंटवरून, म्हणजे लोक एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून फाइल घेतात त्या पद्धतीने, उतरवला म्हणे. आमच्या घरात इंग्रजी पिक्चर बघणारं कोण, तर कोणीच नाही, आई संध्याकाळी सिरीयल बघते आणि मी क्रिकेट. पण खोटं कशाला बोलू, २०१०-१२ च्या सुमाराला मी पण मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचो, वीस रुपयात अख्खं कार्ड, तेव्हा गल्लोगल्ली हाच धंदा होता, पुढं चांगला मोबाईल सगळ्यांच्या हातात आला आणि तो आपोआप बंद पडला. झालं काय, नोटिशीची बातमी चहाच्या टपरीवर पोचली तेव्हा लोकांनी लगेच हिशोब जुळवला, पूर्वी गाणी भरायचा ना तोच तो. एक जण तर दुकानात येऊन हळूच म्हणाला, असला पिक्चर तर मला पण दे की पेन ड्राइव्हला.

दुसऱ्या दिवशी त्या पोराने व्हॉट्सॲपवर एक स्क्रीनशॉट पाठवला, तो पण बऱ्याच विनवण्या केल्यावर. त्यात आयपी पत्ता, म्हणजे नेटवर आपली ओळख सांगणारा नंबर, तारीख आणि वेळ होती ०५:५२. पोरगं म्हणालं, बघा काका, पहाटे पाच बावन्नला तुमचं मशीन चालू होतं, सिस्टीम तुमचंच नाव दाखवते. मी दोनदा वाचलं, वेळेपुढं यूटीसी, म्हणजे जगाची प्रमाण वेळ, असं लिहिलेलं. परदेशातल्या कंपनीने पाठवलेली नोटीस, ती आपल्या घड्याळाने कशाला लिहितील, यूटीसीच्या आपण साडेपाच तास पुढं, म्हणजे खरी वेळ सकाळी ११:२२. आणि त्या दिवशी दहा ते चार लाइनच्या कामासाठी आमच्या भागाची लाइट बंद होती, वीजवाल्यांचा आदल्या रात्रीचा मेसेज अजून मोबाईलमध्ये आहे, इन्व्हर्टरची बॅटरी मे महिन्यातच गेलेली. राउटरला करंटच नाही तर पिक्चर काय हवेतून उतरला? तुमच्याकडे पण माझं मशीन त्या वेळी ऑफलाइन दिसत असेल, जरा बघा म्हणालो, तर म्हणे आम्हाला इथून दिसत नाही, हेड ऑफिसला मेल करा.

बरं ते घड्याळाचं एकवेळ सोडा, मुळात तो पत्ता एकट्या माझा नाहीच. राउटरच्या सेटिंगमध्ये गेलो तर मला मिळालेला पत्ता १००.७४ ने सुरू होणारा, आणि बाहेरच्या वेबसाइटला दिसतो तो भलताच. याला सीजीनॅट म्हणतात, तुमच्या खात्यातल्या कुठल्याही इंजिनिअरला विचारा. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते संपत आलेत, आशिया-पॅसिफिकचा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या तुकड्यावर आला, मग कंपन्या एकाच पत्त्यामागे शंभर शंभर घरं बसवतात आणि कुणाचं काय हे पोर्ट नंबरवरून ओळखतात. आमच्या भाषेत सांगायचं तर आयपी हा गट नंबर झाला आणि पोर्ट म्हणजे पोटहिस्सा. सामाईक गटातल्या कुणीतरी बांध कोरला म्हणून तलाठ्याकडे नुसता गट नंबर घेऊन गेलात तर तो पण विचारतो, पोटहिस्सा कुठला, कधीची गोष्ट. इथं मात्र नुसत्या गट नंबरवर माझं पाणी तोडलं. आणि गंमत बघा, मला पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये पोर्टचा कॉलमच कापला गेलाय.

असं चुकू शकतं हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. २००८ मध्ये अमेरिकेत युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या लोकांनी मुद्दाम प्रयोग करून बघितला, टॉरेंटवर काहीही न उतरवता त्यांच्या नेटवर्कमधल्या चक्क प्रिंटरच्या नावाने डाउनलोडच्या तक्रारी आल्या. प्रिंटर साहेब, माझ्या दुकानात पण दोन आहेत, नीट पेपर ओढत नाहीत तर पिक्चर काय ओढतील. आणि हसण्यावारी न्यायची नाही अशी गोष्ट आपल्याकडे घडलेली आहे. २००७ मध्ये ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटवर छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल वाईटसाईट टाकल्याच्या गुन्ह्यात पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका इंजिनिअरला उचलून आणलं, नेट कंपनीने आयपी पत्त्याची माहिती चुकीची दिली होती, तो बिचारा ५० दिवस तुरुंगात. पायरसीची केस नव्हती ती, पण चूक तीच.

त्या पोराने मला भीती पण घातली, काका नुसतं बघितलं तरी तीन वर्षं आत. हे खरं नाही, आपल्या मुंबई हायकोर्टाने ऑगस्ट २०१६ मध्येच सांगितलंय की नुसतं बघणं हा गुन्हा नाही. पण टॉरेंटची गोष्ट वेगळी, त्यात उतरवता उतरवता तुकडे दुसऱ्यालाही जात असतात, म्हणजे वाटणं आलंच, आणि कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ला सहा महिने ते तीन वर्षं आहेत. त्यात सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये सांगितलं की हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय दारात. मग ज्या कलमाला एवढी धार आहे त्याच्या नावाने माणसाला बोट दाखवताना निदान घड्याळ तरी बरोबर वाचा की.

आमच्या तालुक्यातले एक वकील म्हणाले, याच कायद्यात कलम ६० पण आहे, कुणी बिनबुडाची धमकी दिली तर उलट त्याच्यावर दावा टाकून नुकसानभरपाई मागता येते. बरोबर आहे, पण दावा टाकायचा कुणावर, नोटीस पाठवणारी कंपनी कुठल्या देशातली हे मला माहीत नाही, आणि माझं नुकसान किती, तर एका फॉर्ममागे सुटतात ते पैसे गुणिले चार दिवस. त्यात कोर्टाची एक तारीख पण निघणार नाही. कंपनीच्या तक्रार नंबरवर गेलो तर तिथं पर्याय काय, स्पीड कमी येतो, बिल चुकलं, वायर तुटली. तुम्ही माझ्यावर चोरीचा आळ घेतला असा पर्यायच नाही, शेवटी मी वायर तुटली दाबलं आणि डॉकेट नंबर घेतला.

चौथ्या दिवशी नेट आपोआप चालू झालं. मेसेज आला, आपली तक्रार सोडवली आहे. कुणी सॉरी म्हणालं नाही, चूक कुणाची ते पण सांगितलं नाही, आणि माझ्या आयडीवर ती नोंद अजून आहे का पुसली ते विचारलं तर उत्तर नाही. माझे जे चार दिवसांचे शेतकरी होते ते स्टँडजवळच्या दुकानात गेले, एक म्हातारे दोन हेलपाटे घालून तिसऱ्यांदा आले तेव्हा मलाच लाज वाटली.

आता तुमच्याकडे मागणं. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने कंपन्यांना लॉग, म्हणजे वापराच्या नोंदी, १८० दिवस ठेवायला आणि घड्याळं सरकारी वेळेशी जुळवून ठेवायला सांगितलं, म्हणजे नोंदी आहेत, घड्याळ पण आहे, फक्त गिऱ्हाइकाचं नेट तोडायच्या आधी ते उघडून बघायची सक्ती तुम्ही घालायला पाहिजे. अशी नोटीस आली की पोर्ट आणि टाइमझोनसकट पूर्ण प्रत आधी गिऱ्हाइकाला द्या, उत्तराला सात दिवस द्या, पोर्ट नसेल तर ती नोटीस तिथंच थांबवा, आणि चूक निघाली तर तसं लेखी द्या. लेखी हवंच साहेब, कारण टपरीवर मी तोंडी कितीही सांगितलं तरी उपयोग नाही, कागद दाखवला की गप्प बसतात. ज्याने खरंच पिक्चर उतरवला तो पण याच पद्धतीने नीट सापडेल, पिक्चरवाल्यांचंही त्यात नुकसान नाही.

कापलेल्या कॉलमसकट पूर्ण नोटीस मागणारे तीन मेल मी पाठवलेत. उत्तर आलं की तुम्हाला कळवतोच. वीजवाल्यांचा मेसेज, तो स्क्रीनशॉट आणि राउटरच्या पानाचा फोटो, सगळ्यांच्या प्रिंट काढून पत्रासोबत जोडल्यात, प्रिंटरने एकदा कागद अडकवला म्हणून दुसरं पान जरा चुरगळलंय.

आपला,
एक झेरॉक्सवाला