दादांना अनावृत पत्र: जंकमध्ये गेलेलं एक पत्र आणि त्यानंतरची वही

ती. दादा यांस,
सा. न. वि. वि.

नाव घालू नका असं तुम्ही दोनदा बजावलंत, म्हणून घातलेलं नाही. पण आभार मला चारचौघांतच मानायचे आहेत. आमच्या शिरोली एमआयडीसीत पंधरा-वीस माणसांची कितीतरी ऑफिसं आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी ईमेलचा जुना सर्व्हर आमच्यासारखाच कोपऱ्यात, स्टॅबिलायझरशेजारी, वर्षानुवर्षं चालू असेल. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते त्यांनाही कळावं असं मनापासून वाटतं.

ऐन गणपतीत आमच्या फाउंड्रीत जर्मनीच्या जुन्या ग्राहकाचा फोन आला. तीन आठवड्यांपूर्वी चौकशी पाठवली, कोटेशन का नाही? असं पत्र आलंच नाही, हे मी ठासून सांगितलं. पत्र आलं होतं. जंक फोल्डरमध्ये, लॉटरी आणि कर्जाच्या मेलच्या गर्दीत, ड्रॉइंगसकट पडलं होतं. ऑर्डर दुसरीकडे गेली. कोणी मला बोललं नाही, पण पत्रव्यवहार माझ्याकडे आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग दोन कोटेशनं आली. एक नव्या सर्व्हरचं, वर वार्षिक देखभाल. दुसरं बाहेरच्या स्पॅम फिल्टरचं, दर मेलबॉक्सला दरमहा इतके, असे २२ मेलबॉक्स. दोन्हीकडे किती टक्के स्पॅम अडतो ते ठळक छापलेलं होतं. साहेब सही करणारच होते. आमच्या पॅटर्न शॉपच्या मिस्त्रींनी मध्येच तुम्हाला गाठलं म्हणून बरं.

तुम्ही आलात, चहा घेतलात आणि म्हणालात, "सही उद्या करा की. आधी लॉग बघू." लॉग म्हणजे आल्या-गेल्या पत्रांची सर्व्हरने ठेवलेली नोंद. आणि मग मला, "ताई, किती स्पॅम अडतो ते सगळेच सांगतील. चुकून अडलेलं पत्र कुणी, कधी बघायचं, ते विचारा." हा प्रश्न आम्ही कुणालाच विचारला नव्हता. स्पॅम आत आला तर एक बटण दाबून जातो. चौकशी बाहेर राहिली तर वर्षाचं काम जातं.

ते जर्मन पत्र तुम्ही उघडलंत आणि त्याचं हेडर, म्हणजे पत्राच्या डोक्यावरची प्रवासाची आणि तपासणीची नोंद, माझ्यासमोर ओळीओळीने वाचलंत. तोवर मला वाटायचं, सर्व्हर मनाला येईल तसं पत्र उचलून टाकतो. स्पॅमअसॅसिन हा सर्व्हरवरचा स्पॅम चाळणारा प्रोग्राम प्रत्येक संशयाला गुण देतो आणि बेरीज ५ झाली की पत्रावर स्पॅमचा शिक्का बसतो, हे तेव्हा कळलं. आमच्या पत्राला नको असलेल्या भाषेबद्दल २.८ गुण लागले होते. पूर्वी ज्यांनी सर्व्हर बसवून दिला, त्यांनी चालणाऱ्या भाषांत फक्त इंग्रजी लिहून ठेवली होती. जर्मनीला माल पाठवणाऱ्या कारखान्यात! ते २.८ वजा केले की पत्र पाचाच्या खाली येत होतं. एका ओळीची ही दुरुस्ती तुम्ही माझ्याकडून करवून घेतलीत. माझा हात थरथरत होता, आणि तुम्ही मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसलात, ते माझ्या लक्षात आलं होतं.

लॉगमधून आणखी दोन गोष्टी निघाल्या. आमच्या डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाच्या, आधी कुठलंही नाव लिहून मेल पाठवला तरी सर्व्हर तो घ्यायचा आणि एका सामायिक डब्यात टाकायचा. स्पॅम पाठवणारे अंदाजाने शेकडो नावं लावून बघतात, आणि आमच्याकडे प्रत्येकाला दार उघडं होतं. आणि त्या २२ मेलबॉक्समध्ये खरी माणसं १४. बाकीचे सोडून गेलेल्यांचे आणि नुसते पुढे पाठवायचे पत्ते. म्हणजे जी माणसं ऑफिसात नाहीत त्यांच्या स्पॅमसाठीही आम्ही महिन्याला पैसे भरणार होतो. सामायिक डबा तुम्ही त्याच दिवशी बंद केलात. दुसऱ्या दिवशी सकाळी मेल उघडले तेव्हा इनबॉक्स इतका मोकळा होता, की मला आधी भीतीच वाटली.

जुन्या सर्व्हरला मात्र तुम्ही फारसा हात लावला नाहीत. त्यावर सेंटओएस ६ ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम आहे, तिचे नियमित अपडेट ३० नोव्हेंबर २०२० पासून बंद आहेत, आता त्यात नवीन काही बसवायला गेलं तर आहे तेही मोडेल, असं म्हणालात. ड्रॉइंग सेक्शनमधला पडून असलेला डेस्कटॉप घेतलात, त्यावर डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टिम, मेल घेणारा-पाठवणारा पोस्टफिक्स आणि नवा स्पॅमअसॅसिन घातलात आणि तो पुढे उभा केलात. बाहेरचं पत्र आधी त्याच्याकडे, चाळून झालं की जुन्या सर्व्हरकडे. आमचे मेल कुठल्या मशीनकडे द्यायचे ते सांगणारा एमएक्स रेकॉर्ड नुसता बदलून भागत नाही, जुन्या सर्व्हरचा पत्ता माहीत असलेले थेट मागच्या दाराने येतात, म्हणून फायरवॉलमध्ये पोर्ट २५, म्हणजे मेल आत येण्याचं दार, फक्त पुढच्या मशीनपुरतं ठेवलंत. आणि १४ जणांची यादी पुढच्या मशीनलाही दिलीत, म्हणजे यादीत नसलेल्या नावावर आलेलं पत्र दारातूनच परत जातं. स्पॅमवर पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा दुसऱ्याचाच घातलेला असतो, त्यामुळे आत घेऊन मग परत पाठवलं तर ते भलत्याच निरपराध माणसाच्या डोक्यावर जाऊन पडतं, हे तुम्ही सांगितलेलं आमच्या साहेबांनाही पटलं.

अनोळखी ठिकाणाहून पहिल्यांदा येणाऱ्या पत्राला पाच मिनिटं थांबवायची सोय तुम्ही केलीत. खरा सर्व्हर पुन्हा येतो, स्पॅम फेकणारे बरेचसे प्रोग्राम पुन्हा येत नाहीत. बँकेचा ओटीपी त्यात अडकला तेव्हा अकाउंट्सवाले माझ्यावर चिडले, पण तुम्ही फोनवरच बँकेला त्यातून सूट कशी द्यायची ते सांगितलंत. स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या स्पॅमहाउसच्या यादीचंही तसंच. ती कमी वापराला ठरावीक अटींवर फुकट मिळते, अटी आधी मला वाचायला लावल्यात, आणि गूगलच्या सार्वजनिक डीएनएसमधून (इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणाऱ्या सेवेतून) विचारलं तर ती उत्तर देत नाही म्हणून असे प्रश्न स्वतः विचारणारा छोटा रिझॉल्व्हर त्याच मशीनवर बसवलात.

पण मला सगळ्यात आवडलेलं काम वेगळंच आहे. फिल्टर शिकवायला किमान २०० चांगली आणि २०० वाईट पत्रं लागतात असं सांगून तुम्ही निघून गेलात आणि ते काम माझ्यावर सोपवलंत. मी जेवणाच्या सुट्टीत चार दिवस निवडत बसले. मग तुम्ही दाखवलंत की 'पेमेंट', 'ऑर्डर', 'अर्जंट' हे शब्द आमच्याकडे दोन्ही ढिगांत आहेत, त्यामुळे ते काहीच सांगत नाहीत. पण 'फ्लँज', 'डक्टाइल', 'पॅटर्न', आमचे ड्रॉइंग नंबर हे फक्त चांगल्या ढिगात. आमच्या फाउंड्रीची भाषा आता मशीनला येते. ही भाषा तयार कुठून विकत मिळाली नसती.

संशयित पत्रं कायमची न पुसता एका वेगळ्या डब्यात जातात आणि तो डबा मी सकाळी दहाला आणि दुपारी चारला उघडते. चुकून अडलेलं प्रत्येक पत्र वहीत लिहिते: कुणाचं, किती गुण, कशामुळे. पहिल्या महिन्यात ११ होती. गेल्या महिन्यात एक, तेही माल वाहतूकवाल्यांचं.

तुम्ही काही लपवलं नाहीत याचेही आभार. 'आमचं बँक खातं बदललं आहे' असं ओळखीच्या पत्त्यावरून गोड भाषेत येणारं पत्र कुठलाही फिल्टर खात्रीने पकडणार नाही, तिथे जुन्या नंबरवर फोनच करायचा, हे तुम्ही अकाउंट्समध्ये स्वतः जाऊन सांगितलंत. आणि ही सोय फक्त वेळ मिळवून देते, जुना सर्व्हर दिवाळीनंतर बदलावाच लागेल, हेही. त्यासाठी दरमहा थोडे पैसे बाजूला टाकायला साहेबांनी सुरुवात केली आहे.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. एसटीचं तिकीटसुद्धा नाही. साहेबांनी दिलेलं पाकीट माझ्या ड्रॉवरमध्ये तसंच आहे, आणि ते तुमच्या पॉलिटेक्निकमधल्या एखाद्या होतकरू मुलाच्या फीसाठी द्यावं असं आमचं ठरलं आहे. तुम्ही फक्त कुणाला द्यायचं ते सांगा.

सर्व्हर हलवायला याल तेव्हा स्टँडवर उतरल्यावर फोन करा, मी स्कूटर घेऊन येते. वहीही दाखवायची आहे. मे महिन्यातल्या एका पत्राचे गुण मला अजून नीट लागलेले नाहीत.

आपली,
स्टोअर्स आणि पत्रव्यवहार सांभाळणारी
ताई