वर्दी नसलेल्या दुपारी

स्टेशन, रात्रपाळी

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे होऊन गेले. लगेच लिहिणार होतो, पण शेवटी तू जी ओळ खरडलीस, "बंबावरून उतरवून तुला पत्रकं वाटायला बसवलं म्हणे, मन रमतं का रे?", तिच्यापाशी अडलो. दोन महिन्यांपूर्वी विचारलं असतंस तर एका शब्दात उत्तर दिलं असतं. गुडघा कामातून गेलेला, डॉक्टरांनी शिडी बंद केलेली, आणि साहेबांनी हातात गठ्ठा ठेवला: उन्हाळ्यातली आगीपासूनची सुरक्षितता, चार पानी, रंगीत. आगीची वर्दी आली की बाकीचे बूट चढवत धावायचे, बंब गेटबाहेर पडायचा आणि मी रिकाम्या गॅरेजात डिझेलचा वास घेत उभा. त्या वेळी कुणी गोड बोललं तरी अंगावर जायचो. बायकोला विचार.

आता उत्तर तेवढं सोपं राहिलं नाही, म्हणून पत्र लांबणार आहे. चहा घेऊन बस.

पत्रकांचं सांगतो आधी. लोक ती घेतात, "हो हो, बरोबर आहे" म्हणतात आणि घरात शिरताच चपलांच्या कपाटावर टाकतात. त्यांची चूक नाही. आपण तरी प्रशिक्षणाच्या जाड वह्या कधी पूर्ण वाचल्या होत्या? महिनाभर मी माना डोलताना पाहिल्या. मग एक दिवस वैतागून गठ्ठा स्टेशनवर ठेवला आणि त्याऐवजी घडीचं स्टूल, स्क्रू ड्रायव्हर आणि बॅटऱ्यांचा खोका घेऊन निघालो. दार उघडलं की एवढंच विचारायचं, "तुमचा स्मोक अलार्म बघू का?" माणूस सल्ल्याला दारातून परत पाठवतो, पण स्टूल घेऊन आलेल्याला आत घेतो. हे मला नोकरीच्या इतक्या वर्षांनी कळलं, हसू नकोस.

एका आजोबांकडे गेलो. एकटेच राहतात. अलार्म छताला होता, पण बॅटरी नव्हती. ती कुठे गेली? म्हणाले, रोज रात्री दोन-तीनला तो चिवचिवायचा, झोप उडायची, म्हणून काढून टाकली. आधी त्यांना वाटलं पोटमाळ्यात पक्ष्याने घरटं केलंय, आठवडाभर ते पक्षीच शोधत होते. मी विचारलं, दिवसा नाही आवाज यायचा? नाही. त्यात गंमत अशी की बॅटरी संपत आली की तिचा जोर थंडाव्यात आणखी उतरतो, आणि घरात सगळ्यांत गार वेळ म्हणजे उत्तररात्र. म्हणून हे यंत्र नेमकं माणसाच्या गाढ झोपेतच तक्रार करतं. आजोबांना हे इतकं आवडलं की पुढचा अर्धा तास ते मलाच समजावून सांगत होते. नवी बॅटरी घातली, बटण दाबून त्यांच्याकडूनच आवाज काढून घेतला, आणि दर महिन्याच्या एक तारखेला दाबायचं ठरलं. कॅलेंडरवर त्यांनी स्वतःच्या हाताने खुणा केल्या.

बॅटरीपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. अलार्मच्या पाठीवर तयार झाल्याची तारीख असते. दहा वर्षांनी आतला सेन्सर भरवशाचा राहत नाही, मग बॅटरी कितीही नवी घाला, अख्खं यंत्र बदलायचं असतं. बटण दाबल्यावर भोंगा वाजतो, माणूस निश्चिंत होतो, पण जुना सेन्सर खऱ्या धुराला जागेल की नाही ते त्याने कळत नाही. त्या संध्याकाळी घरी येऊन मी माझा काढून पाहिला. तेरा वर्षांचा निघाला! बावीस वर्षं लोकांच्या आगी विझवणाऱ्याच्या घरात. दुसऱ्या दिवशी गुपचूप बदलला. कुणाला सांगितलं नाही, तुला पहिल्यांदा सांगतोय.

तुला आठवतं, आपल्या वेळी उस्ताद काय शिकवायचे? खोली पेटली की सगळं एकदम भडकायच्या आधी हातात बराच वेळ असतो. तेव्हा ते खरं होतं. जुन्या पद्धतीच्या लाकडी, कापसाच्या सामानाची खोली आणि आजच्या फोमच्या सोफ्याची खोली शेजारी शेजारी पेटवून केलेल्या चाचण्या आहेत. जुनीला पूर्ण भडकायला जवळपास 30 मिनिटं लागली, नवीला 3 ते 5. बंब गेटबाहेर पडून पहिलं वळण घेईपर्यंत तेवढी मिनिटं सरतात. आपण कितीही जोरात गेलो तरी पहिली काही मिनिटं घरातल्यांचीच असतात. हे आकडे मी आता कुठेच सांगत नाही, लोक घाबरतात आणि विसरतात. त्याऐवजी झोपायच्या खोलीपाशी नेऊन दार लावून दाखवतो. हे रात्री लावून झोपा, धूर बाहेर अडतो, तुम्हाला वेळ मिळतो. दार लावणं प्रत्येकाला येतं.

उन्हाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या वर्द्यांची जात तुला ठाऊकच आहे. गुंडाळून ठेवलेल्या एक्स्टेन्शन बोर्डवर कूलर आणि वरून आणखी काहीतरी. वेटोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही, तार आतल्या आत शिजते. वीज गेली म्हणून खिडकीखाली लावलेला जनरेटर, त्याचा विषारी वायू बिनवासाचा, माणूस झोपेतच जातो. एक नवं दुखणं मात्र तुझ्या वेळी नव्हतं: दुचाकीच्या लिथियम बॅटऱ्या. फुगलेली, पडलेली, भलत्याच चार्जरला लावलेली बॅटरी एकदा आतून तापू लागली की स्वतःच स्वतःला पेटवत जाते, आणि विझली म्हणावी तर तासांनी पुन्हा उठते. लोक ती चार्जिंगला लावतात कुठे? मुख्य दाराशी, कारण प्लग तिथे आहे. म्हणजे बाहेर पडायची एकच वाट आणि तिथेच आग. गेल्या महिन्यात मी अकरा घरांत चार्जर दुसऱ्या भिंतीला हलवून दिला. पाहायला गेलं तर सुतार-वायरमनचं काम. रंगकाम करणाऱ्यांना जवसाच्या तेलाच्या चिंध्या ढिगात टाकू नका हेही सांगतो. ते तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि ढीग काडी न लावता पेटतो. यावर कुणाचाच विश्वास बसत नाही, तुझाही पहिल्यांदा बसला नव्हता.

आता पोरांची गोष्ट. ती सांगायलाच खरं तर पत्र लिहायला घेतलं.

एका दुपारी पलीकडच्या वस्तीतून निरोप आला की मुलांनी पाना लावून हायड्रंट, म्हणजे बंबासाठीचा रस्त्यावरचा मोठा नळ, उघडलाय. गेलो तर दहा-बारा पोरं त्या धारेत नाचतायत, आणि खरं सांगू, इतक्या उन्हात मलाही मोह झाला. पण त्या लाइनवर दोन गल्ल्या पुढे आग लागली असती तर आपल्या होजला दाब मिळाला नसता. शिवाय ती धार लहान पोराला उचलून रस्त्यावर, गाडीखाली फेकू शकते. हायड्रंट बंद केला. पोरांची तोंडं बघवेनात. मला न्यूयॉर्कची पद्धत माहीत होती. तिथल्या अग्निशमन केंद्रात जाऊन प्रौढ माणसाने मागितलं की जवान येऊन हायड्रंटवर भोकांचं झाकण बसवून देतात. मोकळ्या हायड्रंटातून मिनिटाला 1000 गॅलनहून जास्त पाणी जातं, त्या झाकणातून साधारण 25. म्हणजे सुमारे 3800 लिटरच्या जागी 95. मी साहेबांपुढे हे आकडे ठेवले. ते म्हणाले, पाणीवाल्यांना विचार. पाणीवाले म्हणाले, साहेबांना लेखी द्यायला सांग. तुला ही फेरी नवी नाही. पंधरा दिवसांनी आमच्याच वर्कशॉपमध्ये एक झाकण तयार झालं आणि आठवड्यातून एक दुपार ठरली, ड्रायव्हर आणि मी हजर असताना.

पोरं जमली की मी बीए सेट, म्हणजे धुरात श्वास घ्यायचं आपलं यंत्र, काढतो. आधी नुसता मुखवटा हातात देतो. मग मी घालतो आणि त्यांना आवाज ऐकवतो, तो खर्रर्र-खर्रर्र श्वास. पहिल्या दिवशी एक चार-पाच वर्षांची पोर किंचाळून आईच्या मागे लपली. मला तिचा राग येणार कसा? तुला तो दुसऱ्या मजल्यावरचा पोरगा आठवत असेलच. पलंगाखाली होता. आपण नाव घेऊन हाका मारत होतो आणि तो आपल्यालाच घाबरून आणखी आत सरकत होता. बॅटरीच्या उजेडात त्याला आपण कसे दिसलो असू, हा विचार मी तेव्हा टाळला. त्या पोरीच्या समोर जमिनीवर बसलो, एकेक वस्तू अंगावरून काढली आणि पुन्हा चढवली. तिसऱ्या आठवड्यात तिने स्वतः मुखवटा तोंडावर धरला आणि आईला म्हणाली, "मी काका झाले." घरी येऊन जेवताना मी हे तीनदा सांगितलं, असं बायको म्हणते.

मोठ्यांसाठी वेगळं. पाण्यात बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवतो असं सगळ्यांना वाटतं. तो बहुतेक वेळा गप्प असतो. श्वासच पुरत नाही तर हाक कुठून मारणार? हात आडवे पाणी दाबत राहतात, लांबून पोहतोय असंच वाटतं. म्हणून काठावरच्या पालकांना दोरी फेकायचा सराव देतो. काठी पुढे करा, तरंगणारं काही फेका, स्वतः उडी मारू नका. बाप लोक मानत नाहीत. "माझं पोर बुडत असताना मी काठावर उभा राहू?" असं एकाने मला तोंडावर विचारलं. मी वाद घातला नाही, दोरी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, त्या ड्रमवर टाकून दाखवा. सहाव्या खेपेला पडली. मग तो तासभर हललाच नाही.

उन्हात उभ्या गाडीचंही तसंच. थर्मामीटर आत ठेवतो आणि लोकांशी गप्पा मारत बसतो. दहा मिनिटांत आतलं तापमान साधारण दहा अंशांनी चढतं, काच बोटभर खाली असली तरी फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचं अंग मोठ्या माणसाच्या तिप्पट-चौपट वेगाने तापतं. आकडा वाचून दाखवायची वेळ मी प्रेक्षकांतल्याच कुणावर तरी आणतो.

उष्णतेच्या लाटेत मात्र आम्ही स्टूलही नेत नाही, नुसती दारं वाजवतो. 1995 च्या जुलैमध्ये शिकागोत काही दिवसांच्या लाटेत 700 हून जास्त माणसं गेली. त्यांत एकटी राहणारी, खिडक्या लावून बसलेली म्हातारी माणसं फार होती. आग नव्हती, धूर नव्हता, कुणाला वर्दी देण्यासारखं काही दिसलंच नाही. आमच्या यादीत आता एकट्या माणसांची 63 दारं आहेत. ते आजोबा पहिले. बोलणं असंबद्ध वाटलं, अंग भाजतंय असं वाटलं, तर घाम येतोय की नाही हे बघत बसायचं नाही. अँब्युलन्स येईपर्यंत गार पाण्याने भिजवत राहायचं. आधी थंड करायचं, मग हलवायचं. नव्या पोरांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण त्यांचा हात स्ट्रेचरकडेच जातो.

आणि आपल्याच पोरांची काळजी आहेच. वीस-पंचवीस किलोचं ओझं, आतून घामाने ओला सूट, बाहेर ही हवा. 4 मेला आम्ही लिंटनच्या आगीत गेलेल्या पाच जवानांसाठी गॅरेजात उभे राहिलो. ऑस्ट्रेलियातले ते स्वयंसेवक, 2 डिसेंबर 1998, वारा फिरला आणि त्यांचा टँकर आगीत सापडला. त्यांच्यामुळेच 4 मे हा अग्निशमन जवानांचा दिवस म्हणून जगभर पाळला जातो. एक नवा जवान नंतर विचारत होता, वारा फिरणार हे कसं ओळखायचं. मी त्याला गवताच्या टेकडीवर घेऊन गेलो, गुडघा कुरकुरत असताना. चढावर आग किती वेगाने पळते, कुठून परत फिरायचं, टाकीत पाणी किती राखायचं, हे तिथेच दाखवलं. दोन तास गेले. खाली उतरताना तो म्हणाला, हे पत्रकात का नाही?

तर मन रमतं का? वर्दीची घंटा झाली की पाय अजून दाराकडे वळतात, ते काही थांबलेलं नाही. मागच्या आठवड्यात तशीच घंटा झाली, बंब गेला, आणि मी बॅटऱ्यांचा खोका भरत बसलो. भरून झाल्यावर लक्षात आलं की बंब परत कधी आला ते मला कळलंच नाही.

उद्या बावीस घरं आहेत, तेव्हा थांबतो. वहिनींना नमस्कार, धाकटीला आशीर्वाद. आणि तू माझ्या तेरा वर्षांवर हसून झालास की उठ, स्टूल घे, तुझा अलार्म खाली काढ आणि पाठीवरची तारीख पुढच्या पत्रात लिहून पाठव. खोटी लिहू नकोस. तू तिथे राहायला गेलास ते साल माझ्या लक्षात आहे.

तुझा,
जुना जोडीदार