मुलगा घरी परतल्यानंतरची देखरेख

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यात अल्पवयीन मुलांच्या हाती कोयता सापडल्याची बातमी आली की चर्चा कायद्यातील वयोमर्यादेवर येऊन थांबते, आणि मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या मोटारीने दोघांचा जीव घेतला, त्या अपघातानंतर तर शिक्षा किती कडक असावी याखेरीज दुसरे काही फारसे बोललेच गेले नाही. गुन्ह्याच्या आरोपावरून ताब्यात घेतलेल्या मुलांना ठेवतात त्या निरीक्षणगृहातून घरी परतलेल्या मुलाकडे आणि त्याच्या कुटुंबाकडे पुढे कोण जाते, आणि त्या जाणाऱ्या कार्यकर्त्याच्या कामावर कोणाचे लक्ष असते, हे मात्र कोणी विचारत नाही. अशा पाठपुराव्याच्या कार्यक्रमांचे पर्यवेक्षण मी अनेक वर्षे केले असल्यामुळे मला हाच प्रश्न सर्वांत निकडीचा वाटतो.

संस्थांच्या तपासणीबाबत २०१५ चा बाल न्याय अधिनियम पुरेसा नेमका आहे. तपासणी समितीने किमान तीन महिन्यांतून एकदा, गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांची प्रकरणे पाहणाऱ्या बाल न्याय मंडळाने महिन्यातून एकदा आणि निराधार वा संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठीच्या बाल कल्याण समितीने महिन्यातून दोनदा निवासी संस्थांना भेट द्यावी, असे त्यात म्हटले आहे. मुलाला मंडळापुढे प्रथम हजर केल्यापासून पंधरा दिवसांत त्याच्या घरच्या परिस्थितीचा सामाजिक तपासणी अहवाल देण्याचे बंधनही आहे. चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर मुलाला तीन वर्षांपर्यंत पालकांच्या देखरेखीखाली सोपवता येते. परंतु त्या घराला आधार देण्याचे काम नीट चालले आहे की नाही, हे ठरवताना आपण बहुतेक वेळा केवळ नोंदवहीतील भेटींची संख्या मोजतो.

सकाळी अकरा वाजता कार्यकर्ती वस्तीत पोहोचते, तेव्हा आई धुणीभांड्यांच्या कामाला आणि वडील मजूर अड्ड्यावर गेलेले असतात. शेजारणीशी दोन शब्द बोलून ती परतते आणि गृहभेट झाल्याची नोंद होते. यात लबाडी नसते. एकेका कार्यकर्तीकडे इतकी कुटुंबे सोपवलेली असतात की याहून अधिक तिला जमतच नाही. अशा वेळी पर्यवेक्षकाने भेटींचा आकडा न विचारता, प्रत्यक्ष बोलणे कोणाशी झाले, शाळा सुटलेल्या मुलाचा दहावीची परीक्षा बाहेरून देण्यासाठीचा १७ नंबरचा फॉर्म भरला गेला का, संध्याकाळी तो कोणासोबत असतो, घरावर कोणाचे कर्ज आहे, हे विचारायला हवे. अधूनमधून स्वतः तिच्याबरोबर वस्तीत जायला हवे. धमक्या, व्यसन आणि मारहाण रोज पाहणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांना मन मोकळे करायला जागा मिळाली नाही, तर ते एक तर काम सोडतात किंवा बधिर होतात, आणि दोन्हींची किंमत ती कुटुंबे मोजतात. कार्यकर्ता बदलला की मुलाला आपली सगळी कहाणी नव्या माणसापुढे पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते.

दुसरी अडचण विभागणीची आहे. थोरल्या मुलाचे प्रकरण मंडळापुढे, धाकटी बालगृहात, वडील व्यसनमुक्ती केंद्रात, आणि तिन्हींचे कार्यकर्ते एकमेकांना ओळखतही नाहीत, अशी कुटुंबे मी पाहिली आहेत. अडचणीतील कुटुंबांना मुलांच्या संगोपनासाठी मदत देणाऱ्या सरकारी बालसंगोपन योजनेतून दरमहा मिळू शकणाऱ्या २,२५० रुपयांसाठी त्या आईचा अर्ज कोणी भरून द्यायचा, हेही मग ठरत नाही. कुटुंबाची फाइल एक आणि तिला उत्तरदायी व्यक्तीही एक, ही व्यवस्था करणे पर्यवेक्षकाच्या हातात असते.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर जिल्हा बाल संरक्षण कक्ष जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या, म्हणजेच जिल्हाधिकाऱ्यांच्या, देखरेखीखाली काम करतो, आणि बाल कल्याण समितीच्या कामाचा त्रैमासिक आढावाही त्यांनीच घ्यायचा आहे. पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, याच सुमारास घरी परतलेल्या मुलांच्या पाठपुराव्याचाही आढावा घ्यावा, आणि त्यात भेटींच्या आकड्यांपेक्षा शिक्षण, रोजगार व घरातील परिस्थिती यांत काय फरक पडला याची विचारणा व्हावी. महिला व बाल विकास आयुक्तालय याच शहरात आहे आणि समाजकार्याचे शिक्षण देणारी कर्वे समाज सेवा संस्थाही येथे १९६३ पासून आहे. त्यामुळे पर्यवेक्षकांच्या नियमित प्रशिक्षणासाठी दूर जाण्याची गरज नाही. आणि तोवर निदान एवढे तरी व्हावे, की संध्याकाळच्या व रविवारच्या गृहभेटी कामाच्या वेळेत धरून कार्यकर्त्यांना त्यांची बदली रजा मिळावी, म्हणजे त्यांना आईवडील घरी भेटतील.

आपली नम्र,
एक निवृत्त पर्यवेक्षिका, कोथरूड, पुणे