‘क्वान्शी’ म्हणजे निव्वळ वशिला नव्हे

संपादक महोदय,

चीनमधल्या ‘क्वान्शी’ला, म्हणजे माणसामाणसांतल्या नात्यागोत्यांच्या व ओळखीपाळखीच्या जाळ्याला, वशिलेबाजी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. चिनी समाजशास्त्रज्ञ फेइ श्याओथुंग यांनी १९४७ मध्ये चिनी नातेसंबंधांना पाण्यातल्या तरंगांची उपमा दिली: मध्यभागी ‘मी’, बाहेर जाईल तसे नाते विरळ. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ ग्रॅनोव्हेटर यांना नोकरीची खबर तोंडओळखीतून येताना दिसली (१९७३). समाजशास्त्रज्ञ ब्येन यानच्ये यांच्या चीनमधल्या त्येनचिन शहरातल्या १९८८ च्या पाहणीत उलटे निघाले: घट्ट नातीच कामी येत. तिथे नोकऱ्या सरकार वाटे; नुसती खबर मिळून भागत नसे, अधिकारी वळवावा लागे. नियमबाह्य काम तोंडओळखीसाठी कोण करणार? म्हणून बरेचदा उमेदवार आणि अधिकारी, दोघांशीही घरोबा असलेला मध्यस्थ गाठत. पाहणीत तो मधला माणूस विचारायचा राहिला, की घट्ट साखळीही कच्ची भासते. चिनी खेड्यांत लग्नातल्या भेटींच्या याद्या जपतात, अगदी आपल्या आहेराच्या वहीसारख्या. कोणाचा कोणाशी किती घरोबा हे जाणायला पाहणीच्या प्रश्नावलीआधी त्या चाळलेल्या बऱ्या.

– एक वाचक, पुणे