भट्टीचं झाकण आणि ठेकेदाराचं चलन: फाउंड्रीतल्या मामांना आभारपत्र

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या आम्हा काही छोट्या फाउंड्रीवाल्यांच्या, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्यांच्या, वतीनं हे पत्र. उघड लिहितोय, कारण वीज, धूळ आणि ठेक्यावरच्या माणसांबद्दल तुम्ही जे सांगत फिरता ते इचलकरंजीच्या सुताच्या सायझिंगवाल्याला आणि सांगलीच्या फॅब्रिकेशनवाल्याला तितकंच लागू आहे. शिवाय समोर बसून आभार मानले तर तुम्ही "चहा सांगा" म्हणून विषय बदलता.

मोठ्या गिऱ्हाइकांकडून हल्ली सस्टेनेबिलिटीचा फॉर्म येतो. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीनं मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांना पर्यावरण आणि कामगारांविषयीचा अहवाल सक्तीचा केला, आणि त्यांचे प्रश्न पुरवठादारांपर्यंत झिरपत आले. टनामागे वीज किती, कार्बन किती, कचरा कुठे जातो, ठेक्यावरच्या माणसांचा विमा आहे का. असा फॉर्म ऑफिसात बसून भरणारे सल्लागार भरपूर आहेत. "भट्टीला वेगळा मीटर लावा, कॉम्प्रेसरला वेगळा लावा, महिनाभर आकडे लिहा, मग फॉर्मकडे बघू" असं सांगणारे तुम्ही एकटे. त्याबद्दल पहिला नमस्कार.

एक टन बीड (ओतीव लोखंड) वितळवून १४५० अंशांपर्यंत न्यायला शास्त्राप्रमाणे ४०० युनिटच्या आसपास वीज लागते. चांगली चालवलेली इंडक्शन भट्टी ५५० च्या आसपास बसते, ढिली चालवलेली ६५० च्याही वर जाते. हा शंभर युनिटचा फरक कुठे जातो ते तुम्ही भट्टीजवळ उभं राहून दाखवलंत. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. म्हणजे टनामागे शंभर युनिट वाचली की ७० किलो कमी झाला. फॉर्ममधला कार्बनचा रकाना एवढ्या गणितावर भरता येतो.

सगळ्यात आधी झाकण. अर्ध्या मीटर व्यासाच्या उघड्या तोंडातून १४५० अंशांवरचा लोखंडाचा रस नुसत्या प्रारणानं ३० ते ४० किलोवॅट उधळत असतो. हे सगळ्यांना माहीत असतं, झाकणंही बहुतेक भट्ट्यांना मिळालेली असतात, आणि ती कोपऱ्यात भिंतीला टेकवलेली असतात. का, ते तुम्ही हेल्परला विचारलंत, मालकाला नाही. झाकण जड, उचलायला दोन माणसं, कडेला मळी (रसावर तरंगणारा कचरा) चिकटून बसलेली, आणि दर दोन मिनिटांनी भंगार टाकायचं. मग कोण लावेल? तुमचा उपाय साधा होता: बाजूला फिरणारं झाकण, समतोलाला वजन, आतून सिरॅमिक फायबरचं ब्लँकेट, आणि नमुना घ्यायला व मळी बघायला मध्ये छोटी खिडकी. एका हातानं फिरलं तर माणूस लावतो. दट्ट्या देऊन किंवा भिंतीवर पाटी लावून लावत नाही.

दुसरी गोष्ट वाळूची. रनर-रायझर, म्हणजे साच्यात रस जायच्या वाटांमध्ये गोठलेले तुकडे, परत भट्टीत जातात तेव्हा त्यांच्या अंगाला वजनाच्या तीन-चार टक्के वाळू सहज असते. ५०० किलोच्या हीटमध्ये (एका वेळच्या वितळणीत) २०० किलो असे परतीचे तुकडे, म्हणजे रिटर्न, घातले तर आठेक किलो वाळू आपण लोखंडाबरोबर तापवतो. टनामागे एक टक्का मळी झाली की दहा युनिट गेली, हा तुमचा ठोकताळा धरला तर इथेच सोळा युनिट झाली. वर मळी काढायला झाकण उघडं, तेवढा वेळ भट्टी रसासकट ताटकळत, आणि भट्टीच्या आतल्या अस्तराला, लायनिंगला, मळीची चाट. रिटर्न आधी छर्रे मारून साफ करणाऱ्या शॉटब्लास्टमधून किंवा नुसत्या फिरत्या ड्रममधून काढले की हे थांबतं. ड्रमला शॉटही लागत नाही, तुकडेच एकमेकांवर आपटून वाळू झाडतात. मात्र तो ड्रम बंदिस्त हवा आणि त्याला धूळ ओढणारी लाइन हवी. नाहीतर भट्टीतली वाळू वाचवली आणि माणसाच्या छातीत भरली, असं होतं. हे वाक्य तुमचंच आहे.

जास्त तापवण्याबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते मेल्टिंगच्या प्रत्येक माणसाला सांगायला हवं. ५० अंश जादा नेले की टनामागे १५ ते २० युनिट गेली, हा झाला विजेचा हिशेब. खरं नुकसान आत होतं. रस फार तापला आणि तापून उभा राहिला की त्यातला कार्बन लायनिंगमधल्या सिलिकाशी झटापट करतो. कार्बन वायू होऊन निघून जातो, सिलिकॉन रसात वाढतो, लायनिंग पातळ होतं. मग कास्टिंगची (ओतलेल्या भागाची) रासायनिक बैठक बिघडते आणि लॅबवाला मेल्टरला दोष देतो. पण मेल्टर जादा तापवतो ते हौसेनं नाही. रस ओतायचं भांडं, लॅडल, थंड असतं, साचे तयार नसतात, क्रेन दुसऱ्या टोकाला अडकलेली असते. थंड लॅडलमध्ये रस पडला की ५० अंश तिथेच जातात, म्हणून तो आधीच वर ठेवतो. यावर तुमचा क्रम असा: आधी लॅडल बर्नरवर नीट लाल करा आणि त्यालाही झाकण द्या, मग साच्यांची रांग लावा, आणि शेवटी मेल्टरला तापमान कमी करायला सांगा. उलट्या क्रमानं सांगितलं तर कास्टिंग थंड जाऊन जोड उघडे राहतात, आणि आठवड्यात सगळं पुन्हा पहिल्यासारखं. बुडवून तापमान बघायची टिप वाचवण्यात शहाणपण नाही, एका टिपेच्या पैशात एक अंदाजपंचे हीट वाचते, हेही तुमचंच.

भंगाराच्या शेडला छप्पर घाला म्हणून तुम्ही ज्या हट्टानं मागे लागलात, तो हट्ट कोल्हापूरचा पाऊस बघितलेल्या माणसालाच समजेल. ओलं भंगार रसाखाली गेलं की पाण्याची वाफ क्षणात फुगते आणि रस छतापर्यंत उडतो. दोन्ही टोकं बंद असलेला पाइप, जुना शॉक अब्सॉर्बर, पोकळ सिलिंडर हे कापून उघडल्याशिवाय भट्टीजवळ येता कामा नयेत. तेलकट टर्निंग-बोरिंग (लेथवरचा चुरा) आधी निथळून, सुकवून. आणि वर भंगाराचा पूल धरला तर थांबायचं. वरचा थर अडकतो, खाली थोडाच रस उरतो, पॉवर मात्र चालूच. तो रस बेसुमार तापून लायनिंग खातो आणि थेट भट्टीभोवतीच्या विजेच्या कॉइलपर्यंत पोचतो. कॉइलमध्ये पाणी फिरत असतं, हे ज्यानं एकदा समजून घेतलं तो पुलाकडे दुर्लक्ष करत नाही. अशा वेळी पॉवर कमी करून, भट्टी शक्य असेल तर कलती करून, रस पुलाला लावून तो सोडवायचा. वरून सब्बल मारत उभं राहायचं नाही.

हवेच्या गळतीचं थोडक्यात लिहितो, कारण ते सगळीकडे सारखंच. सात बारवर तीन मिलिमीटरचं एक भोक म्हणजे जवळजवळ चार किलोवॅट. रोज १६ तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर १९ हजार युनिट, म्हणजे दीड लाख रुपयांच्या पुढे. तुमची चाचणी फुकटातली: जेवणाच्या सुट्टीत सगळी हत्यारं बंद, कॉम्प्रेसर चालू, घड्याळ हातात. किती सेकंद लोडवर (हवा भरत) आणि किती अनलोडवर (नुसता फिरत) ते चार-पाच फेऱ्या लिहायचं. ४० सेकंद लोड आणि १२० अनलोड आले तर क्षमतेचा पाव भाग गळतोय. दहा टक्क्यांच्या आत आणायचं. मग साबणाचं पाणी घेऊन कपलिंग, होसचे क्लॅम्प आणि ड्रेन व्हॉल्व्ह बघत जायचं. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो. दाब एक बारनं कमी करता आला तर आणखी सहा-सात टक्के वाचतात, पण मोल्डिंग मशीनला किती लागतो ते बघूनच.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं त्याकडे येतो. विजेचं सांगणारे पुष्कळ भेटतात, कारण त्यात मालकाचे पैसे वाचतात. धुळीचं सांगणारा क्वचित भेटतो.

जी धूळ डोळ्यांना दिसते ती नाकातच अडते. फुफ्फुसाच्या तळाशी जाते ती सिलिकाची (वाळूतल्या खनिजाची) बारीक धूळ उन्हाच्या तिरिपेशिवाय दिसतही नाही. रुमाल तिला अडवत नाही. तिच्यानं होणारा फुफ्फुसाचा रोग, सिलिकोसिस, बरा होत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यानंच तो सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत घातला होता. तरी आपल्याकडे विचाराल तिथे "आमच्यात एकही केस नाही" असं ऐकू येतं. त्यावरचं तुमचं उत्तर आम्हाला बोचलं आणि पटलं: नॉकआउट (साचा फोडून कास्टिंग काढणं) आणि फेटलिंगला (ते घासून साफ करणं) माणसं बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून येतात, काही वर्षं काम करून गावी परततात. धाप लागते ती तिकडे. ती केस आपल्या रजिस्टरात येणार कशी?

म्हणून तुम्ही घालून दिलेली पद्धत इथे जशीच्या तशी देतो. वर्षातून एकदा छातीचा एक्स-रे आणि फुंकर मारून घ्यायची फुफ्फुसाची चाचणी, कायम आणि ठेक्यावरच्या दोघांचीही, आणि कामावर घेतानाही एकदा. अहवालाची प्रत कामगाराच्या हातात, फक्त एचआरच्या कपाटात नाही. कोरडा झाडू बंद. ओलं करून किंवा व्हॅक्यूमनं उचलायचं. कपड्यांवरची धूळ हवेच्या होसनं उडवायची नाही. ही सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण गरमीत त्या हवेनं बरं वाटतं; म्हणून तिथे पंखा आणि पिण्याचं गार पाणी आधी द्या, बंदी नंतर घाला, असं तुम्ही म्हणालात. मास्क एन-९५ किंवा त्यावरचा, दोन्ही पट्ट्या बांधलेल्या, दाढी असेल तर कडेनं हवा शिरते हे समजावून. पण मास्क शेवटचा उपाय, आधी धूळ जिथे उठते तिथेच ओढायची.

आणि इथे बहुतेकांचा पैसा वाया जातो. मोठा ब्लोअर, धूळ गाळणारी मोठी बॅग, आणि हूड, म्हणजे धूळ ओढायचं तोंड, मात्र कामापासून चार फूट वर. फुंकून मेणबत्ती दूरूनही विझते, श्वास आत ओढून ती ओठांशी आणली तरी विझत नाही. सक्शनचं तसंच आहे. पाइपच्या तोंडापासून त्याच्या व्यासाएवढं लांब गेलं की हवेचा वेग दहा टक्क्यांच्या आसपास उरतो. म्हणून ब्लोअर वाढवण्याआधी हूड जवळ आणा, तीन बाजूंनी पत्रा लावा, ग्राइंडरची ठिणगी ज्या दिशेला उडते तिकडे तोंड ठेवा. तुम्ही अगरबत्तीचा धूर धरून हे दाखवता तेव्हा एकही आलेख लागत नाही. बॅगेखालचा धूळ साठणारा हॉपर रोज रिकामा करा, तोही पोत्यात कोरडा ओतून नव्हे. बॅग फाटली की धूळ बाहेर जातेच, पण हॉपर भरून राहिला की ओढच संपते आणि मीटर चालूच राहतो.

ठेकेदारीबद्दलही तुम्ही स्पष्ट बोललात, आणि ते सगळ्यांना आवडलं असं नाही. फेटलिंगचा माणूस नगावर काम करतो. मास्क लावला, हूडखाली कास्टिंग फिरवत बसला, तर नग कमी पडतात, मजुरी कमी पडते. म्हणजे दर ठरवतानाच धूळ ठरते. दरात तो वेळ धरा, असं तुमचं म्हणणं. पीएफ आणि ईएसआयचं चलन नुसतं फाइलला लावायचं नाही, चलनावरची नावं आणि गेटवरचा मस्टर दर महिन्याला समोरासमोर ठेवायचा. मस्टरवर बावीस आणि चलनावर चौदा असतील तर आठ माणसांचा अपघात कोणाच्या गळ्यात येणार, हा प्रश्न तुम्ही ठेकेदाराला नाही, मालकाला विचारता.

पैशांचंही तसंच. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत भागवायचं. उशिराला बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. शिवाय २०२४-२५ या कर-निर्धारण वर्षापासून आयकराच्या नियमाप्रमाणे (१९६१ च्या कायद्यातलं ४३बी(एच) कलम) मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्चात धरता येत नाही. आपण गिऱ्हाइकाकडे हा कायदा दाखवतो आणि साच्याचा नमुना करणाऱ्या पॅटर्नवाल्याला, कास्टिंगमधल्या पोकळीसाठी वाळूचे कोअर करणाऱ्या बचत गटाला, मशीनिंगच्या जॉबवर्कवाल्याला तीन-तीन महिने थांबवतो. त्यांचं उद्यम (लघुउद्योग नोंदणीचं) प्रमाणपत्र मागून घ्या, बिलावर माल स्वीकारल्याची तारीख घाला, आणि ज्यांचं देणं आहे त्यांची यादी त्या तारखेप्रमाणे लावा: तुमच्या या तीन सूचनांना एक रुपया खर्च नाही.

एक काम अजून तुमच्याकडूनच हवंय. टाकाऊ वाळू. ग्रीन सँडची, म्हणजे माती-पाणी घालून साचे बांधायची, वाळू पेव्हर ब्लॉकवाले थोडीफार घेतात, पण त्यांना ती चाळलेली, लोखंडाचे कण चुंबकानं काढलेली आणि एकसारखी हवी असते. आपण कोअरची रेझिननं (रासायनिक डिंकानं) चिकटवलेली वाळू त्याच ढिगात टाकतो आणि सगळाच ढीग बाद करून घेतो. दोन ढीग वेगळे ठेवणं, रेझिनवाल्या ढिगाची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून चाचणी करून घेणं आणि सगळ्यांनी मिळून एक चाळणी-चुंबकाची लाइन टाकणं, इथपर्यंत बोलणं झालंय. जागा कोणाची आणि वाहतूक कोणी करायची यावर गाडी अडली आहे. तुम्ही मध्ये बसलात तर मिटेल, कारण तुमच्यासमोर कोणी आवाज चढवत नाही.

तब्येतीला जपा. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटलंय, तर प्लॅटफॉर्मवर चढू नका. भट्टीची लॉगशीट खाली आणून दाखवू.

कळावे, लोभ असावा.

आपले,
शिरोली व गोकुळ शिरगावचे काही फाउंड्रीवाले