मासिकांतले माप कुठे गेले?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गणपतीच्या आधी आपल्या महिला पुरवणीत उकडीच्या मोदकांची कृती आली होती. पान देखणे, फोटो अर्ध्या पानाचा, आणि कृतीत ‘पाणी गरजेनुसार, मीठ चवीनुसार’. जिला गरज किती हे कळते तिला कृती लागत नाही, आणि जिला कृती लागते तिला नेमकी गरजच कळत नाही. स्त्रियांच्या मासिकांत इतक्या वर्षांत काय बदलले असे कुणी विचारले, तर कागद, रंग, जाहिराती यांच्या आधी आम्ही हेच सांगू, की मजकुरातले माप गेले.

मोदकांचेच घ्या. एक वाटी पिठाला एक वाटी पाणी, चहाचा एक चमचा लोणी किंवा तूप, चिमूटभर मीठ. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर पीठ एकदम घालायचे, उलथन्याच्या दांड्याने ढवळायचे, मंद आचेवर झाकण ठेवून दोन-तीन मिनिटे वाफ द्यायची. एवढे कुणीही लिहील. कृती कामाला येते ती पुढच्या दोन ओळींनी. तांदूळ नवा असेल तर पाणी दोन चमचे कमी, नाहीतर उकड हाताला चिकटते. भाद्रपदात आपल्याकडे घरचा तांदूळ वर्षाचा होत आलेला असतो, त्याला हे लागू नाही; दुकानच्या पिठाला लागू आहे, कारण तो तांदूळ कधीचा हे पिशवीवर नसते. पारीला भेगा पडत असतील तर बहुधा उकड गार झाल्यावर मळली गेली आहे. पाण्याचा हात लावून, चटका सोसेल इतकी गरम असतानाच ती मळावी लागते. मोदक वाफेवर फुटला तर दोष बहुतेक वेळा सारणाचा. दोन वाट्या खोबऱ्याला एक वाटी गूळ घेऊनही सारण ओलसर राहिले, तर त्याचा पाक वाफेवर सुटतो आणि पारी उकलते. या ओळींना जागा किती लागली असती? फोटो दोन बोटे लहान केला असता तरी भागले असते.

‘स्त्री’ मासिक १९३० साली शं. वा. किर्लोस्करांनी काढले, तेही किर्लोस्करवाडीत, लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्याच्या आवारात. त्याआधी १९२० मध्ये सुरू झालेली ‘किर्लोस्कर खबर’ तर त्या कारखान्याचीच पत्रिका होती. यंत्राच्या शेजारी जन्मलेल्या मासिकाला मापाची शिस्त असावी यात नवल नाही. शिक्षण, विधवांचे प्रश्न, कायदा यांवरच्या लेखांमुळे ‘स्त्री’चे नाव झाले आणि ते योग्यच आहे, पण त्या काळच्या मासिकांतली विणकामाची आणि बेतणीची पाने अभ्यासकांनी उलटून सोडून दिली. आमच्या मते खरा बदल त्याच पानांवर मोजता येतो.

कोकणात स्वेटर कशाला, असे म्हणणाऱ्यांनी बाळंतविडा आठवावा. टोपडे, मोजे, झबले आणि मुंबई-पुण्याला दिलेल्या लेकीच्या थंडीसाठी एखादा स्वेटर. विणीच्या नीट लिहिलेल्या कृतीत आधी सुईचा क्रमांक असतो, मग लोकरीचे वजन, मग ताण, म्हणजे दहा सेंटीमीटरला किती टाके. पुढे ओळीओळीने सुलट-उलट. यातली ताणाची ओळ वगळली की सगळे बिघडते. कृती दहा सेंटीमीटरला बावीस टाक्यांची असेल, तर ऐंशी सेंटीमीटर घेरासाठी १७६ टाके घालायचे. पण विणणारीचा हात घट्ट असेल आणि तिचे दहा सेंटीमीटरला चोवीस टाके बसत असतील, तर तेच १७६ टाके ७३ सेंटीमीटरच्या आसपास भरतात. सात सेंटीमीटर कमी म्हणजे स्वेटर धाकट्या भावाला. म्हणून आधी हातभर नव्हे, वीतभरही नव्हे, चार-पाच इंचांचा चौकोनी तुकडा विणून मोजायचा आणि हात घट्ट असेल तर सुई एक क्रमांक जाड घ्यायची. इथेही गोम आहे. जुन्या क्रमांकांत आकडा वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन, १२ नंबर म्हणजे पावणेतीन. आता सुयांवर मिलिमीटर लिहिलेले असतात. जुनी कृती नव्या अंकात छापताना ‘८ नंबर’चे कुणी ‘८ मिलिमीटर’ केले, तर मोज्याची जाळी होईल.

असाच घोळ शेरांचा होतो. वजनाचा ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, तोळा ११.६६ ग्रॅमचा. १९५८ नंतर दशमान वजने टप्प्याटप्प्याने आली आणि ‘शेर’ खोडून ‘किलो’ लिहायची सवय लागली. त्याने फार बिघडत नाही. बिघडते ते धान्य मापाच्या शेराने लिहिलेले असते तेव्हा. चार शेरांची पायली, हा शेर भांड्याचा आहे, तराजूचा नाही. तांदळाला, पोह्यांना, कुळथाला त्याचे वजन वेगवेगळे भरते. जुन्या कृती ‘आजीच्या बटव्यातून’ वगैरे मथळ्याखाली पुन्हा छापताना हे तपासणारे कुणी असते का, अशी शंका येते.

साठच्या दशकात ‘मेनका’, ‘माहेर’ आली आणि कथा-कादंबऱ्यांनी मासिकाची बरीच पाने घेतली. त्याबद्दल तक्रार नाही. त्या कथांनी वाचणाऱ्या बायका घडवल्या, आणि तालुक्याच्या वाचनालयात अंक हाताला लागत नसे तो त्यांच्यामुळे. विद्या बाळ यांनी ‘स्त्री’च्या संपादनानंतर ऑगस्ट १९८९ मध्ये पुण्यात ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले, त्यात पाककृती आणि सौंदर्याचा सल्ला नव्हे तर बाईचा विचार मध्यभागी होता. दुसऱ्या बाजूने ‘गृहशोभिका’सारखी गुळगुळीत, रंगीत मासिके आली. त्यानंतर वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आल्या. घरात येणाऱ्या पेपराबरोबर तेच मिळते म्हटल्यावर वेगळ्या मासिकाची वर्गणी कोण भरणार? म्हणजे मासिकाची जागा आज तुमच्या पुरवणीने घेतली आहे, संपादक महोदय, आणि म्हणून हे पत्र तुम्हाला.

जुने ते सगळे सोने, असे आम्ही म्हणत नाही. त्या मासिकांतले स्वयंपाकघर बहुतेक पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरातले होते. कुणबी, भंडारी, गाबीत, मुसलमान घरांतली चूल त्यात फारशी दिसत नाही, आणि नवऱ्याची मर्जी राखण्याचे सल्ले वाचून आजही कपाळावर आठी येते. आज मालवणी मासळीच्या कृती सर्रास छापल्या जातात, हा बदल चांगलाच. फक्त त्यांतही माप परकेच असते. बंदरावर मासळी वाट्याने मिळते आणि कृतीत लिहिलेले असते ‘५०० ग्रॅम बांगडा’. मध्यम आकाराचे चार-पाच बांगडे असे लिहिले तर बाजारात उभ्या असलेल्या बाईला समजेल. तेवढ्या बांगड्यांना आठ-दहा तिरफळे पुरतात. आतली काळी बी काढून टाकायची, सालेच तेवढी जराशी ठेचायची आणि कढ येताना वरून घालायची. वाटणाबरोबर वाटली की कालवण कडवट होते. आणि हो, मजकूर तपासणाऱ्याला तिरफळ आणि त्रिफळा यांतला फरक ठाऊक असावा. एक कालवणात जाते, दुसऱ्याने वेगळाच परिणाम होतो.

उन्हाळ्यात कोकमाच्या सरबताच्या कृती येतात. हल्ली त्यांत आरोग्याचे वारे असते, ‘साखर आवडीप्रमाणे कमी करा’. टिकाऊ अर्क करायचा तर सालींच्या वजनाच्या दुप्पट साखर लागते. सालीच्या वाट्या आणि साखर यांचे थर बरणीत भरून आठवडाभर उन्हात, रोज एकदा कोरड्या डावाने हलवून. साखर सालीतले पाणी ओढून घेते आणि तोच अर्क. साखर निम्मी केली तर ती तेवढे पाणी बांधून ठेवू शकत नाही, मग जूनच्या दमट हवेत बरणी फसफसते आणि झाकणाखाली फेस दिसतो. साखर कमी हवी असेल तर पेल्यात अर्क कमी घालावा. हे वाक्य छापायला हरकत काय?

माप फक्त चुलीपुरते नाही. वारसाहक्कावरचे लेख पुरवणीत येतात, ‘मुलींनो, हक्क ओळखा’ अशा मथळ्याचे. तारखा मात्र नसतात, आणि या विषयात तारीख हेच माप आहे. महाराष्ट्राची दुरुस्ती २२ जून १९९४ ची. तिने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हिस्सा दिला, पण त्या दिवसाआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, तिने लग्नाची अट काढून टाकली. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी उकरता येत नाही. कोकणात आंब्या-काजूच्या बागेच्या सातबाऱ्यावर वीस-वीस नावे असतात. तिथे बाईला हवे असते ते असे: मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारसांची वर्दी द्यायची, सोबत मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र. वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये होते, फेरफार नमुना ६ मध्ये, मग नोटीस निघते, आणि हरकतीची मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. अडते कुठे? प्रतिज्ञापत्रात बहिणीचे नाव गाळलेले असते, किंवा शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे. तेव्हा विवाहाचा दाखला जोडावा लागतो. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलेच लागते. भाऊबीजेच्या ताटाशेजारी पुढे केलेल्या साध्या कागदाने हक्क सुटत नाही, पण त्यावर सही करून पुढे वर्षानुवर्षे वाद मात्र होतो. हे सगळे एका चौकटीत मावते.

आता जुन्या अंकांविषयी. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. अशा किनारपट्टीवर लहान गावांच्या वाचनालयांतही मासिकांचे बांधीव खंड कपाटाच्या तळाशी असतात. सहा अंकांचा एक खंड बांधायची पद्धत. पण बांधणी करताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकत, खंड आटोपशीर व्हावा म्हणून. त्यामुळे मासिके कशी बदलली हे सांगणारा अर्धा पुरावा रद्दीत गेला. वर बांधणारा तिन्ही कडा कापतो, त्यात बेतणीच्या आकृतीतले समासाजवळचे आकडे जातात. छत्तीस छातीच्या ब्लाऊजला चौथा भाग नऊ इंच आणि वर शिलाईची माया किती, हे ज्या कोपऱ्यात लिहिलेले तोच कोपरा नेमका गायब.

तेव्हा खंड नव्याने बांधायचा असेल तर कडा कापू देऊ नयेत. गंजलेल्या तारेच्या पिना आधी काढाव्यात, कारण खाऱ्या हवेत गंज कागदाला भोक पाडतो, आणि दोऱ्याने शिवून घ्यावे. खळीत मोरचूद घालायला सांगावे, नाहीतर पिठाच्या खळीवर झुरळे आणि कसर तुटून पडतात. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे. पावसाळ्यात ओल भिंतीतून येते. लॅमिनेशन करू नये, ते पुन्हा निघत नाही आणि आतला कागद पिवळा व्हायचा थांबत नाही.

२२ जुलै २०२१ च्या वाशिष्ठी नदीच्या पुरात भिजून चिपळुणातल्या पुस्तकांचे काय हाल झाले ते सर्वांना ठाऊक आहे. अशा वेळी एक गोष्ट उपयोगी पडते. जुना खरबरीत कागद भिजला तरी हलक्या हाताने, वाऱ्यावर, पाने सुटी करत वाळवता येतो. नवी गुळगुळीत मासिके तशी नाहीत. त्यांच्या कागदावरचा लेप भिजून सुकला की पाने एकमेकांना कायमची चिकटतात आणि अंकाची वीट होते. ती ओली असतानाच सुटी करावी लागतात. तेवढा वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फाच्या कपाटात ठेवावीत. मच्छीच्या बर्फखान्यांची आपल्याकडे वाण नाही. दोन दिवस गेले की बुरशी धरते.

आपल्याकडे एवढेच मागणे आहे. पुरवणीत कृती छापताना एकदा करून पाहिलेली, मापासकट आणि काय बिघडते या दोन ओळींसकट छापावी. आणि किनाऱ्यावरच्या वाचनालयांना आवाहन करावे, की जुन्या अंकांची बेतणीची व विणकामाची पाने निदान ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करून ठेवावीत. स्कॅन करताना पानाच्या कडेला फूटपट्टी ठेवायला विसरू नये. ती नसली तर पडद्यावरच्या आकृतीतला इंच किती मोठा होता, हे नंतर कुणालाच सांगता येणार नाही.

आपल्या,
ग्रंथालयात काम करणाऱ्या काही वाचक,
राजापूर, जि. रत्नागिरी