टाळू भरण्याआधी सोनोग्राफी व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लसीकरणाच्या दिवशी बाळाचे वजन होते, सुई टोचली जाते, तायी कार्डावर (आई-बाळाच्या आरोग्य कार्डावर) शिक्का पडतो. डोक्याचा घेर मात्र क्वचितच मोजला जातो. जन्मतः तो साधारण ३४-३५ सेंमी असतो आणि पहिले तीन महिने महिन्याला सुमारे २ सेंमीने वाढतो. फारच भराभर वाढला किंवा वाढायचाच थांबला, तर आत काहीतरी बिनसले आहे हे साध्या टेपने कळते.

आमच्या जांबोटी भागातले एक बाळ झोपेतून उठले की हात उडवून पुढे वाकायचे. एकदा, दोनदा, मग लागोपाठ. पोटात कळ येते म्हणून ओव्याचा शेक झाला, दृष्ट काढून झाली. जवळच्या दवाखान्यातही पोटाचेच औषध मिळाले. शेवटी मावशीने मोबाईलवर काढलेला व्हिडिओ पाहून हुबळीच्या डॉक्टरांनी मेंदूचे झटके ओळखले. एमआरआयमध्ये दिसले, की मेंदूला वळ्याच जवळपास नाहीत. लिसेन्सेफली.

‘इलाज नाही तर नाव कळून काय फायदा?’ असे शिकलेली माणसेही विचारतात. पण झटक्यांवर औषधे आहेत, आणि ती जितकी लवकर तितकी बरी. मोठे डोके पाणी साचल्यामुळे असेल तर ते पाणी वाहून नेणारी नळी, म्हणजे शंट, बसवता येतो. मेंदूच जेमतेम बनला असेल तर गोष्ट वेगळी. यातले काही विकार आनुवंशिक असतात. मामा-भाचीची लग्ने आपल्याकडे अजून होतात, तेव्हा पुढच्या गरोदरपणाआधी सल्ला आणि गरोदरपणात १८-२० आठवड्यांची नीट सोनोग्राफी मिळायलाच हवी.

एमआरआय तालुक्यात येईल तेव्हा येवो. टाळू उघडी असते तोवर तिच्यातून सोनोग्राफीने मेंदू बऱ्यापैकी दिसतो. किरणोत्सर्ग नाही, बाळाला झोपवण्याचे औषध नाही. बहुतेक बाळांची टाळू दीड वर्षापर्यंत भरते, मग ही वाट बंद. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, पण त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचे, आणि आजारी तान्हे तेव्हा तिथे असतेच असे नाही.

कोल्हापूर की हुबळी, रेशनकार्ड कुठले, या वादात सीमाभागातल्या बाळांचे महिने जातात. म्हणून आमदारांकडे आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे मागणी एवढीच: खानापूरच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस तान्ह्यांच्या डोक्याच्या सोनोग्राफीसाठी ठेवावा, आणि दीड, अडीच व साडेतीन महिन्यांच्या लसीवेळी डोक्याचा घेर कार्डावर लिहिणे सक्तीचे करावे.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका, ता. खानापूर, जि. बेळगाव